कॅल्गरीतलं घर तीन आठवडे बंद राहणार, पाइप फुटू नयेत म्हणून काय करावं?

फोंड्याची_काकू | १४ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. जरा वेगळाच प्रश्न घेऊन आलेय.

धाकट्या दिराच्या मुलीचं लग्न ८ डिसेंबरला आहे. माझा मुलगा, सून आणि नात त्यासाठी कॅल्गरीहून येतायत, २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर. घर त्यांनी याच जूनमध्ये घेतलं, म्हणजे त्या घरातला त्यांचा हा पहिलाच हिवाळा. आधी भाड्याच्या फ्लॅटमध्ये होते, तिथे असल्या काळज्या इमारतवाल्यांच्या. परवा फोनवर मुलगा म्हणाला, "आई, मी मांडवात असेन, पण लक्ष सगळं तिकडे. पाइप फुटला तर तळघरात तळं होईल." सून तर म्हणते, दोघांपैकी एकाने मागे राहावं. लग्नघरात हे कळल्यापासून सगळ्यांची तोंडं उतरलीत.

मला मुळात हे प्रकरणच समजत नाही. आमच्याकडे थंडी मोजायचं साधन एकच, न्हाणीतल्या फळीवरची खोबरेल तेलाची बाटली. तुळशीचं लग्न झालं की एखाद्या सकाळी ती खालून पांढरी दिसते, मग हळूहळू गळ्यापर्यंत थिजते, मग मी ती भाणाच्या, म्हणजे चुलीवर पाणी तापवायच्या हंड्याच्या, कडेला नेऊन ठेवते. इतकी वर्षं थिजतेय, एकदासुद्धा बाटली फुटली नाही. मग पाणी थिजलं म्हणून तांब्याचा पाइप का फुटावा? हसू नका. मी शाळेत मराठी शिकवलं, विज्ञान नव्हे.

तिकडे राहिलेल्या कुणी नीट सांगितलं तर मुलाला वाचून दाखवीन. माझं तो ऐकत नाही, पण "तिथल्या लोकांनी सांगितलंय" म्हटलं की ऐकतो.


साखरझोप | १४ नोव्हेंबर, सकाळी ९:३२

काकू, घरच इकडे आणायला सांगा. भिवपाची गरज ना.


चिरेबंदी | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

काकू, प्रश्न हसण्यासारखा अजिबात नाही, उलट अगदी मुळावर बोट ठेवलंत.

खोबरेल साधारण २४ अंशांना थिजतं आणि थिजताना आकसतं. थिजलेली बाटली वरून बघा, मधोमध खळगा पडलेला असतो. पाण्याची तऱ्हा उलटी. ४ अंशांपर्यंत तेही इतरांसारखं आकसत जातं, पण त्याखाली फुगायला लागतं, आणि बर्फ झालं की आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. म्हणून तर बर्फ पाण्यावर तरंगतो. सोड्याची बाटली फ्रीझरमध्ये विसरलेल्या कुणालाही विचारा.

पण खरी गंमत पुढेच आहे. आपल्याला वाटतं, बर्फ जिथे झाला तिथे पाइप फुगला आणि फुटला. बहुतेक वेळा तसं होत नाही. बर्फाचं बूच तयार होतं आणि ते पाइपातून वाढत पुढच्या पाण्याला तोटीकडे रेटत राहतं. तोटी बंद. बूच आणि तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याला जायला वाट नाही, आणि पाणी काही दाबून लहान होत नाही. दाब चढत चढत जातो आणि पाइप जिथे कमजोर तिथे फाटतो. ती जागा बर्फापासून चार हात लांब, चांगल्या गरम खोलीतही असू शकते! इलिनॉय विद्यापीठाच्या इमारत संशोधन विभागाने प्रयोग करून हे दाखवलं आहे. बाहेर उणे ७ अंशांच्या खाली गेलं की इन्सुलेशन (उब धरून ठेवणारं आवरण) नसलेल्या पाइपांची काळजी करायला लागा, ही रेषाही त्यांच्याच कामातून आली.

म्हणूनच तिकडे थंडीच्या रात्री तोटी बारीक चालू ठेवतात. वाहतं पाणी गोठत नाही एवढंच त्यामागचं कारण नव्हे. तोटी उघडी असेल तर मागे बूच झालं तरी दाब साठत नाही.


फोंड्याची_काकू | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

अगोबाई, खळगा! चाळीस वर्षं मला वाटत होतं तो माझ्या बोटाने पडतो.


वाळवंटीकाठचा | १४ नोव्हेंबर, दुपारी १:४४

मग सोपं झालं की. सगळ्या तोट्या बारीक चालू ठेवून या म्हणावं. तीन आठवड्यांचं पाण्याचं बिल विमानाच्या तिकिटापेक्षा स्वस्तच पडेल.


कॅल्गरीचा_कावळा | १४ नोव्हेंबर, रात्री ९:१५

काकू, मी मूळचा डिचोलीचा, बारा वर्षं कॅल्गरीत. (तुमच्या-आमच्यात सध्या साडेबारा तासांचं अंतर, म्हणून उशीर. इथे आत्ता सकाळचे पावणेनऊ.)

आधी @वाळवंटीकाठचा यांना हात जोडून: तीन आठवडे तोट्या चालू ठेवून जाऊ नका. तो उपाय माणूस घरात असतानाचा, एका रात्रीचा. सांडपाण्याचा पाइप जर बाहेरच्या भिंतीतून जात असेल तर थेंब थेंब पाणी त्यातच थर धरून गोठतं, पाइप तुंबतो आणि बेसिन भरून वाहतं. म्हणजे पाइप न फुटताही तळं व्हायचं ते झालंच.

काकू, मुलाला पहिलं काम सांगा, विम्याची पॉलिसी काढून वाच. इथे बऱ्याच घरविम्यांत एक कलम असतं. हिवाळ्यात चार दिवसांहून जास्त घर रिकामं राहणार असेल तर एकतर कुणीतरी रोज येऊन हीटिंग चालू आहे का बघायचं, नाहीतर पाणी बंद करून पाइप रिकामे करायचे. यांपैकी काहीच केलं नाही आणि पाइप फुटला तर कंपनी हात वर करू शकते. रोज म्हणजे रोज, "शेजारी अधूनमधून बघत होता" चालत नाही. शंका असेल तर एजंटला ईमेलने विचारावं. फोनवर बोललेलं नंतर कुणाला आठवत नाही.

दुसरं, खालच्या प्रश्नांची उत्तरं मिळाली की पुढचं सांगतो. घर गरम हवेने तापतं की रेडिएटरमधल्या गरम पाण्याने? कुठला नळ किंवा बेसिन बाहेरच्या भिंतीला लागून आहे का, विशेषतः उत्तरेकडच्या? बागेच्या नळाला रबरी पाइप अजून लावलेलाच आहे का? गराज गरम आहे की थंड?

तो बागेचा पाइप आत्ताच्या आत्ता काढायला सांगा. हे मी स्वतः भोगलंय. इथला बाहेरचा नळ खास बनावटीचा असतो. त्याचा दांडा हातभर लांब आणि बंद होण्याची जागा भिंतीच्या आत, उबेत. नळ बंद केला की दांड्यातलं उरलेलं पाणी आपोआप बाहेर ओघळतं. पण तोंडाला रबरी पाइप अडकवलेला असला तर ओघळणार कुठे? पहिल्या हिवाळ्यात मी तो तसाच ठेवला. अख्खा हिवाळा काही झालं नाही, मी खूश. मे महिन्यात टोमॅटोला पाणी घालायला नळ सोडला, बाहेर धार थोडी बारीक वाटली. अर्ध्या तासाने खाली गेलो तर तळघराची भिंत पोह्यासारखी भिजलेली. नळ जानेवारीतच भिंतीच्या आत फाटला होता, मी सोडेपर्यंत त्याला पाणीच मिळालं नव्हतं.


निवृत्त_सुभेदार | १५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

सत्तरी तालुक्यात राहतो. नोकरीतले पाच हिवाळे द्रास आणि काश्मीरमध्ये काढले.

वरच्या पोस्टवर पाइपांचा इलाज सोपा होता: पाइपच नव्हते. पाणी जेरीकॅनमधून यायचं, रात्री कॅन झोपायच्या जागेत घ्यायचे, आणि काठोकाठ कधी भरायचे नाहीत. नव्या पोराने भरला की सकाळी कॅन फुगून ढोल झालेला. वर चार बोटं जागा सोडायची, हा हुकूमच होता.

श्रीनगरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ला-ए-कलां. पहाटे गल्लीत माणसं नळाच्या पाइपाखाली कागद पेटवून बसलेली दिसायची. तुम्ही ते करू नका, भिंतीत लाकूड असेल तर घरच पेटेल. काश्मिरी घरांत हमाम असतो. खोलीची फरशी दगडी लाद्यांची, खाली पोकळी, बाहेरच्या तोंडातून त्यात लाकडं जाळायची. फरशी तापते, आणि त्याच आगीवर बसवलेल्या तांब्याच्या भांड्यात पाणीही तापतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, हे तर आमचंच भाण! फक्त आपण धूर न्हाणीत घेतो, ते उब घरात घेतात.

एक गोष्ट सांगून थांबतो. उबेपायी माणसं मरतात ती थंडीने नव्हे, धुराने. बंद खोलीत शेगडी, बुखारी (खोली तापवायची लोखंडी शेगडी), जनरेटर काहीही असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेत जातो. आमच्याकडे रात्री बुखारी विझवली की नाही हे बघायला स्वतंत्र माणूस असायचा.


नळवाला_म्हापसा | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

सुभेदारसाहेबांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून. हे काश्मीरचंच नाही. गोव्यात बंद बाथरूममध्ये गॅस गीझर बसवायला लोक अजून बोलावतात. मी नाही म्हणतो, तर "दुसरा बसवून देतो" म्हणतात. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. खिडकी बारीक असली की डिसेंबरात माणसं तीही लावून घेतात आणि मग आत चक्कर येते. एवढं ऐका.

बाकी पाइपाचं म्हणाल तर आमच्याकडे ते फुटतात उन्हाने. गच्चीवरचा पीव्हीसी पाइप पाच-सात वर्षं ऊन खाऊन असा ठिसूळ होतो की कावळा बसला तरी तडकतो. (कॅल्गरीवाले, तुम्ही नव्हे.)

काकूंच्या मुलासाठी धंद्यातली गोष्ट. मेन व्हॉल्व, म्हणजे घरात येणारं सगळं पाणी बंद करायचा, वर्षानुवर्षं कुणी फिरवलेला नसला तर तो जाम असतो. निघायच्या दिवशी, टॅक्सी दारात उभी असताना त्याला पहिल्यांदा हात लावायचा नाही. आठ दिवस आधी फिरवून बघायचा. जोर लावायचा नाही, थोडा बंद, थोडा उघड, असं खेळवत न्यायचा. नंतर उघडताना दांड्यापाशी थेंब गळायला लागले तर घाबरू नये, दांड्याभोवतीचा नट पाव वळसा आवळायचा. पाव म्हणजे पाव. पूर्ण आवळला तर व्हॉल्व पुन्हा फिरणार नाही.


टेक्सासवाली_वहिनी | १५ नोव्हेंबर, रात्री १०:०२

मेन व्हॉल्वबद्दल वाचलं आणि अंगावर काटा आला. मी मडगावची, ऑस्टिनला असते. फेब्रुवारी २०२१ आठवा. टेक्सास म्हणजे गरम प्रदेश. इथे पाइप आणि कित्येक घरांत पाणी तापवायची टाकीसुद्धा माळ्यावर, छपराखाली, धड इन्सुलेशनही नाही. थंडी आली, तिच्यासोबत वीज गेली, ती आमच्याकडे तीन दिवस. आम्ही चौघं एका खोलीत, सगळ्या रजया एकावर एक. काही फुटल्याचं कुणाला कळलंच नाही, कारण सगळं गोठलेलं होतं.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. आम्ही आनंदाने चहा ठेवतोय आणि वरून ठिबक... आधी ठिबक, मग धार, मग हॉलचं अर्धं छत ओल्या पुठ्ठ्यासारखं खाली. नवरा मेन व्हॉल्व शोधत अंगणभर फिरतोय. तो रस्त्याकडेला जमिनीतल्या एका पेटीत होता, झाकणावर बर्फ, आणि उघडायला लागणारी चावी शेजाऱ्याकडे. वीस मिनिटं पाणी चालूच. वर शहराची सूचना, नळाचं पाणी उकळूनच प्या!

फुटतं गोठताना, पण दिसतं वितळताना. तेव्हा परत आल्यावर पाणी सोडाल तर एक माणूस व्हॉल्वपाशी आणि एक घरभर फिरताना, असं दोघांनी सोडा.


साखरझोप | १५ नोव्हेंबर, रात्री १०:१५

हे वाचून मी उठून आमच्या टाकीचा व्हॉल्व बघून आलो. माडाच्या मुळात अर्धा गाडला गेलाय. उद्या खणतो.


फोंड्याची_काकू | १६ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

मुलाला सगळं वाचून दाखवलं. "बागेचा पाइप" म्हटल्यावर फोन ठेवून धावत बाहेर गेला. लावलेलाच होता म्हणे!

बाकी उत्तरं: गॅसवरची फर्नेस, म्हणजे घर तापवायची भट्टी, गरम हवा, रेडिएटर नाहीत. स्वयंपाकघरातलं बेसिन उत्तरेच्या भिंतीला. गराज थंड, तिथे गाडी आणि मी वेळोवेळी दिलेलं सामान: लोणचं, खोबरेलची मोठी बरणी, माडाचं व्हिनेगर, असलं काहीबाही. शेजारचे आजोबा दिवसातून एकदा डोकवायला तयार आहेत. विमा एजंटला ईमेल केलीय.

आता सुनेचा प्रश्न: पाणी काढूनच टाकायचं तर हीटिंगही बंद का करू नये? बिल वाचेल.

आणि माझाही एक. आम्ही दोघं फेब्रुवारीत दोन महिने तिकडे जातोय. यांना संधिवात. मागे गेलो होतो ते जुलैत. घरात उब असते म्हणतात, तरी लोक कुडकुडतात का?


कॅल्गरीचा_कावळा | १६ नोव्हेंबर, रात्री ८:४०

गरम हवेची फर्नेस, म्हणजे काम सोपं. रेडिएटर असते तर घर तापवणारंही पाणीच, मग मेन बंद करण्याआधी जाणकाराला बोलवावं लागलं असतं.

हीटिंग बंद करायचं नाही. पाइप कितीही रिकामे केले तरी वळणावळणाला थोडं पाणी राहतंच. तोट्या उघड्या असल्या की त्या थोड्या पाण्याला फुगायला जागा असते, तेवढ्याने फुटत नाही. पण बेसिनखालच्या वळणात, फ्लशच्या भांड्यात, कपड्यांच्या आणि भांड्यांच्या यंत्रांच्या पंपात पाणी असतंच. शिवाय लाकडी फरशी, प्लॅस्टर, रंग यांना उणे वीसची सवय नाही. बाहेर जाताना १३ अंशांच्या खाली ठेवू नका हा इथला सर्वसाधारण सल्ला. मी १५ वर ठेवतो. गॅसचे चार डॉलर वाचवायला जाऊन फरशी उखडायची हा धंदा आपल्या गोंयकारांनी करू नये.

आता क्रम. मेन व्हॉल्व बंद. मग सगळ्यात वरच्या मजल्यावरची तोटी उघडायची आणि सगळ्यात खालची, तळघरातली, उघडायची. वरून हवा शिरते, खालून पाणी पडतं. घशात खवखवल्यासारखा आवाज येत येत थांबला की मधल्या तोट्या, गरम-थंड दोन्ही. फ्लश एकदा दाबून टाकी रिकामी. पाणी तापवायच्या टाकीवर सुट्टीची खूण असते, काटा तिथे. फर्नेसला हवा ओलसर करायचं यंत्र जोडलेलं असेल, त्याला नळाचं पाणी जातं, ते बंद. बर्फ बनवणारा फ्रीज असेल तर त्याची बारीक नळी सगळे विसरतात, तीही. स्वयंपाकघरातल्या त्या उत्तरेच्या बेसिनखालची कपाटं सताड उघडी, म्हणजे खोलीतली उब आत जाते. सांडपाण्याच्या वळणांत हवं तर गुलाबी रंगाचं, घरगुती पाइपांसाठीचं गोठणरोधक ओतावं. गाडीच्या रेडिएटरमधलं अजिबात नाही, ते विषारी असतं.

शेजारच्या आजोबांना मेन व्हॉल्व, गॅसचा कॉक आणि फर्नेसचं बटण हाताला हात लावून दाखवायचं. आणि घराच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर आलेले दोन पांढरे प्लॅस्टिक पाइप. एकातून फर्नेस हवा घेते, दुसऱ्यातून सोडते. वाऱ्याने बर्फ उडून त्यांच्या तोंडाशी साचला तर फर्नेस स्वतःच बंद पडते. आजोबांचं खरं काम ते.

आणि गराजमधल्या काचेच्या बाटल्या आत घ्या.

(१३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी इथे सगळ्यांचे फोन एकदम बोंबलले: अल्बर्टात (आमच्या प्रांतात) वीज कमी पडतेय, नको ती उपकरणं लगेच बंद करा. बाहेर उणे पस्तीसच्या आसपास. फर्नेस गॅसवर चालते खरी, पण हवा फिरवणारा पंखा विजेवर! लोकांनी काही मिनिटांत दिवे विझवले आणि वेळ निभावली. त्या रात्रीपासून मी घरात दोन गॅसच्या शेगड्या ठेवतो, चहासाठी. उबेसाठी नव्हे, सुभेदारसाहेब.)


चिरेबंदी | १७ नोव्हेंबर, सकाळी १०:२५

काकूंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. काकू, तुमच्या घरात राजांगण, म्हणजे मधलं उघडं अंगण, आहे ना? मग फरक डोळ्यांपुढे आणा. आपलं घर श्वास घेण्यासाठी बांधलेलं. उंच छप्पर, कौलांच्या फटी, जाड चिऱ्याच्या भिंती. दिवसभर ऊन चिऱ्यात मुरतं आणि रात्री हळूहळू सुटतं. डिसेंबरच्या पहाटे वाळपईला धुकं उतरतं तेव्हा आपण फार तर गोधडी दुप्पट करतो. तिकडचं घर म्हणजे हवाबंद डबा. त्याला श्वास घेऊ दिला तर पैसे उडून जातात.

पण खोलीत २१ अंश असले तरी माणूस कुडकुडतो, याची दोन कारणं. एक, खिडकी. काच आतून थंडगार असते आणि तुमच्या अंगातली उब सरळ तिच्याकडे जात राहते, हवा कितीही गरम असू दे. काकांची खुर्ची आणि पलंग खिडकीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा, संधिवातात एवढ्यानेही फरक पडतो. रात्री जाड पडदे, पण ते फर्नेसची गरम हवा येते त्या झरोक्यावर लोंबता कामा नयेत. खिडकीच्या चौकटीवर चिकटवायची पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म मिळते, केस वाळवायच्या यंत्राने ताणून बसवतात. दिसायला फार बरी नाही, काम चोख.

दुसरं, कोरडेपणा. उणे २० ची हवा आत घेऊन तापवली की ती पापडासारखी कोरडी होते. नाक, ओठ, टाचा. दाराच्या मुठीला हात लावला की अंगात साठलेल्या स्थिर विजेचा चटका. मग लोक हवा ओलसर करायचं यंत्र जोरात लावतात आणि पाणी खिडकीच्या काचेवर जमून चौकटीला बुरशी धरते. आपल्याला जुलैत भिंतीवर दिसते तीच बुरशी, हंगाम तेवढा वेगळा. बाहेर जितकी थंडी जास्त, तितकी आतली आर्द्रता कमी ठेवावी लागते. उणे ३० ला २० टक्क्यांच्या आसपासच. उरलेलं काम खोबरेलावर सोडा.


वाळवंटीकाठचा | १७ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

जे तिकडे कायम दगडासारखं असणार.


कॅल्गरीचा_कावळा | १७ नोव्हेंबर, रात्री ९:०५

फर्नेसच्या झरोक्याशेजारी ठेवतो. पाच मिनिटांत वितळतं. तेवढ्यासाठी झरोक्यावर सोफा ठेवू नये, हेही आलंच. आणि फर्नेसची गाळणी दर एक-दोन महिन्यांनी बदलावी. ती धुळीने भरली की हवा अडते आणि लोक थर्मोस्टॅट वर वर नेत बसतात.


फोंड्याची_काकू | २७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१५

एजंटचं लेखी उत्तर आलं: पाणी बंद करून पाइप रिकामे करा, शिवाय कुणी बघत असेल तर उत्तम. व्हॉल्व जाम होता हो नळवालेबाब! आठ दिवस खेळवला, काल पूर्ण बंद झाला. सून येतेय, मुलगा येतोय, नात येतेय. दीर आता कुठे जेवला.


फोंड्याची_काकू | २४ डिसेंबर, सकाळी ८:००

लग्न छान झालं, मंडळी परवा घरी पोचली. आता वृत्तांत देते.

पंधरा दिवस काही नाही. १७ तारखेला दुपारी जेवताना मुलाच्या मोबाइलवर घरातून इशारा आला. घरातलं तापमान १२. पंधरा मिनिटांनी ११. तिथे रात्रीचे पावणेदोन, बाहेर उणे एकतीस. ताट तसंच टाकून मागीलदारी फेऱ्या घालायला लागला. आजोबांना त्या वेळी उठवायचं म्हणजे! सून म्हणाली, तेच तर ठरलं होतं ना, लाव फोन. आजोबा टॉर्च घेऊन गेले. ते दोन पांढरे पाइप बर्फात दिसेनासे झाले होते. हातमोजे घातलेल्या हातांनी उकरले, आत जाऊन बटण बंद करून पुन्हा चालू केलं. दोन प्रयत्नांनी फर्नेस लागली. तोवर घर ७ अंशांवर आलं होतं. उत्तरेच्या भिंतीत किती झालं असेल देव जाणे. पण पाइपांत पाणीच नव्हतं.

परवा दोघांनी मिळून पाणी सोडलं, वहिनी सांगतात तसंच, ती व्हॉल्वपाशी आणि तो घरभर. तोट्यांनी आधी खोकून हवा काढली. व्हॉल्वच्या दांड्यापाशी थेंब यायला लागले, पाव वळसा आवळला, थांबले.

एकच नुकसान. गराजमधल्या बाटल्या आत घ्यायला सांगितलं होतं. लोणचं घेतलं, व्हिनेगर राहिलं. बाटली उभी तडकली आणि आतलं व्हिनेगर बाटलीच्याच आकाराचं उभं राहिलंय, फोटो पाठवला त्याने. भोवती काचा.


चिरेबंदी | २४ डिसेंबर, सकाळी ८:४०

सुटलात काकू! आणि शेजारची खोबरेलची बरणी?


फोंड्याची_काकू | २४ डिसेंबर, सकाळी ८:५२

तीही तिथेच राहिली होती. शाबूत आहे. मधोमध हा एवढा खळगा, आणि या खेपेला बोट कुणी घातलेलं नाही.